ब्रिटनमधील अतिउजव्यांचा निकाल वहीत कसा मांडावा

ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान रात्री दहा वाजता संपते आणि त्याच ठोक्याला मतदानोत्तर चाचणीचा आकडा जाहीर होतो. निवडणूक उन्हाळ्यात असेल तर मुंबईत तेव्हा पहाटेचे अडीच वाजलेले असतात. पहिल्या मतदारसंघाचा निकाल लागायला पावणेचार होतात आणि निकालांची खरी रीघ लागते ती आपल्याकडे लोकल गाड्या भरू लागतात त्या सुमारास. हा निकाल ज्यांना समजून घ्यायचा आहे, त्यांनी हाताशी आडव्या रेघांची एक मोठी वही ठेवावी, कारण दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जे दिसते ते केवळ जागांचे पुढे सरकणारे आकडे असतात आणि अतिउजव्या पक्षांची कथा त्या आकड्यांत फारच थोडी सापडते.

दादरच्या एका वाचनालयात आम्ही काही जण शनिवारी संध्याकाळी परदेशांतील निवडणुकांवर बोलतो. तेथे मला अनेक वर्षे एकच प्रश्न विचारला जात असे: ब्रिटनमध्ये वंशद्वेष आहे, दंगली होतात, स्थलांतरितांविषयी राग आहे, मग फ्रान्स किंवा इटलीप्रमाणे तेथे अतिउजवे पक्ष निवडून का येत नाहीत? २०२४ नंतर प्रश्न उलटा झाला आणि तेथे आता त्यांचेच राज्य येणार ना, असे लोक विचारू लागले. मला हे दोन्ही प्रश्न एकाच सवयीतून आलेले वाटतात. आपण निकालातला एकच आकडा उचलतो आणि त्यावरून संपूर्ण देशाच्या मनाविषयी निष्कर्ष काढतो. ही सवय मलाही होती आणि ती कशी मोडली ते पुढे येईलच.

पाने वेगळी करावीत

सर्वांत आधी पक्षांची नावे दोन वेगळ्या पानांवर लिहावीत. पहिल्या पानावर फॅसिस्ट किंवा उघड वंशवादी परंपरेतले पक्ष येतात: ऑस्वाल्ड मोस्ले यांनी १९३२ साली स्थापन केलेली ब्रिटिश युनियन ऑफ फॅसिस्ट्स, १९६७ साली स्थापन झालेली नॅशनल फ्रंट आणि तिच्यातून फुटलेल्या जॉन टिंडल यांनी १९८२ साली काढलेली ब्रिटिश नॅशनल पार्टी, म्हणजे बीएनपी. दुसऱ्या पानावर युरोपीय संघाला विरोध आणि स्थलांतरावर कडक निर्बंध या मागण्यांवर उभे राहिलेले यूकेआयपी, ब्रेक्झिट पार्टी आणि आजचा रिफॉर्म यूके हे पक्ष येतात. या दुसऱ्या पानावरील पक्षांना अतिउजवे म्हणावे की नाही, यावर ब्रिटनमध्येच वाद आहे. रिफॉर्मचे नेते ते विशेषण मान्य करत नाहीत आणि २०२४ च्या मार्च महिन्यात बीबीसीने आपल्या एका वृत्तात हा शब्द या पक्षाला लावल्याबद्दल माफीही मागितली होती. यूकेआयपीने तर बीएनपीच्या माजी सदस्यांना आपले दरवाजे नियमानेच बंद केले होते.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. पहिल्या पानावरील एकाही पक्षाला हाऊस ऑफ कॉमन्सच्या निवडणुकीत आजवर एकही जागा जिंकता आलेली नाही. दुसऱ्या पानावरील पक्षांना लाखो मते मिळाली, थोड्या जागाही मिळाल्या. दोन्ही पाने एकत्र केली की काहीच नीट कळत नाही, कारण एका पानावर मते न मिळण्याची कथा आहे आणि दुसऱ्या पानावर मते मिळूनही जागा न मिळण्याची.

मते आणि जागा

दुसऱ्या पानापासून सुरुवात करणे सोपे, कारण त्यातले गणित आपल्या ओळखीचे आहे. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, मग ती मते निम्म्याहून कितीही कमी असोत, ही पद्धत आपण ब्रिटनकडूनच घेतली. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुजन समाज पक्षाला देशभरात चार टक्क्यांहून अधिक मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही, तर अण्णाद्रमुकने त्याहून कमी मतांवर तमिळनाडूतून ३७ जागा जिंकल्या. मुंबईकरांना २००९ ची आठवण असेल. त्या वर्षी उत्तर मुंबईत संजय निरुपम यांनी राम नाईक यांना सहा हजारांहून कमी मतांनी हरवले, आणि त्याच लढतीत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या उमेदवाराने लाखाहून अधिक मते घेतली होती. शहरातील सहाही जागा काँग्रेस आघाडीकडे गेल्या. मनसेचे उदाहरण मी येथे केवळ मतविभागणीच्या गणितासाठी देत आहे. त्यातून विचारसरणीची तुलना काढू नये.

आता ब्रिटनचे आकडे मांडावेत. २०१५ मध्ये यूकेआयपीला सुमारे ३८ लाख ८० हजार मते पडली, म्हणजे १२.६ टक्के, आणि जागा मिळाली एक, क्लॅक्टनची. तीही हुजूर पक्षातून आलेल्या डग्लस कार्सवेल यांची. त्याच रात्री स्कॉटिश नॅशनल पार्टीने साडेचौदा लाख मतांवर ५६ जागा जिंकल्या, कारण तिची सगळी मते एका स्कॉटलंडमध्ये साचलेली होती. २०२४ मध्ये रिफॉर्मला ४१ लाखांहून अधिक मते, म्हणजे १४.३ टक्के, आणि ५ जागा; लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ३५ लाख मते आणि ७२ जागा. रिफॉर्मच्या पाच जागांपैकी एक केवळ ९८ मतांनी आली होती.

वहीत यासाठी चार रकाने पुरतात: मते, टक्केवारी, जागा आणि दुसरा क्रमांक. चौथा रकाना बहुतेक जण विसरतात. रिफॉर्म २०२४ मध्ये ९८ मतदारसंघांत दुसऱ्या क्रमांकावर होता आणि यूकेआयपी २०१५ मध्ये सुमारे १२० ठिकाणी. पक्ष दुसरा असेल तर पुढच्या वेळी तेथील मतदारापुढे लढत बदलते, आणि कुणाला पाडायचे असेल तर कुणाला मत द्यायचे याचा हिशेबही बदलतो. त्याशिवाय एक लहान खूण प्रत्येक ओळीच्या शेवटी करावी, ती अनामत रकमेची. तेथे उमेदवार ५०० पौंड भरतो आणि वैध मतांच्या ५ टक्के मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. १९८५ पूर्वी रक्कम १५० पौंड होती, पण मतांची अट साडेबारा टक्के होती, म्हणजे आपल्या एक षष्ठांशाच्या बरीच जवळ. पहिल्या पानावरील पक्षांच्या नावांपुढे ही जप्तीची खूण ओळीने भरत जाते. नॅशनल फ्रंटने १९७९ मध्ये ३०३ उमेदवार उभे केले आणि सर्वांची अनामत गमावली.

माझी चूक

२००९ साली मी एका मराठी दैनिकात परदेश पानावर रात्रपाळी करत होतो. ८ जूनच्या संध्याकाळी युरोपीय संसदेच्या निकालांच्या तारा समोर आल्या: बीएनपीला ब्रिटनमध्ये दोन जागा, त्यांपैकी एक पक्षप्रमुख निक ग्रिफिन यांना वायव्य इंग्लंडमधून. मी घाईत बातमी केली आणि ब्रिटनमध्ये वंशवादाची लाट आल्याचा अर्थ निघेल असे शीर्षक दिले. दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये शिकून आलेल्या एका ज्येष्ठ वाचकाचा दूरध्वनी आला. त्यांनी अत्यंत शांतपणे एकच प्रश्न विचारला: "या ग्रिफिनना गेल्या वेळी किती मते होती, ते आपण पाहिलेत का?"

मी पाहिले नव्हते. २००४ मध्ये त्या विभागात बीएनपीला सुमारे १ लाख ३५ हजार मते होती. २००९ मध्ये सुमारे १ लाख ३२ हजार. लाट आली असे मी लिहिले त्या ठिकाणी मते घटली होती. टक्केवारी मात्र साडेसहाच्या आसपासून आठवर गेली, कारण २००४ मध्ये तेथील संपूर्ण मतदान टपालाने झाले होते आणि एकूण मतदान बरेच जास्त होते, तर २००९ मध्ये खासदारांच्या भत्त्यांच्या प्रकरणामुळे चिडलेला मजूर पक्षाचा मतदार घरी बसला होता.

जागा कशी मिळाली हेही त्या वाचकांनीच मला कागदावर करायला लावले, आणि ही आकडेमोड प्रत्येक अभ्यासकाने एकदा स्वतः करून पाहावी. युरोपीय निवडणुकांत ब्रिटन १९९९ पासून प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची यादी पद्धत वापरत असे. पक्षाच्या मतांना आधी एकने, एक जागा मिळाल्यावर दोनने, दोन मिळाल्यावर तीनने भागत जायचे, आणि प्रत्येक फेरीत ज्याचा भागाकार मोठा त्याला पुढची जागा द्यायची. वायव्य इंग्लंडला आठ जागा होत्या. सात वाटल्यावर आठव्या जागेसाठी एकीकडे बीएनपीची १ लाख ३२ हजार मते उरली आणि दुसरीकडे यूकेआयपीच्या २ लाख ६२ हजार मतांचा निम्मा भाग, म्हणजे १ लाख ३१ हजारांच्या आत-बाहेर. फरक जेमतेम बाराशेचा पडला. यूकेआयपीला आणखी अडीच हजार मते मिळाली असती, तर ग्रिफिन घरी राहिले असते आणि माझे शीर्षकही. तेव्हापासून कोणत्याही पक्षाच्या यशाची बातमी करण्याआधी मी मागच्या निवडणुकीतील मतांचा प्रत्यक्ष आकडा, टक्केवारी नव्हे, शेजारी लिहितो.

पुढच्याच वर्षी, मे २०१० मध्ये, सार्वत्रिक निवडणूक झाली. बीएनपीने ३३८ उमेदवार उभे केले, देशभरात साडेपाच लाखांहून अधिक मते मिळवली, १.९ टक्के, आणि जागा शून्य. पद्धत बदलली की तोच पक्ष संसदेच्या आत किंवा बाहेर जातो, हे या दोन निकालांतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्यानातून होणार नाही. गंमत अशी की २०११ मध्ये मतदानाची पद्धत बदलण्यासाठी सार्वमत झाले तेव्हा बीएनपी बदलाच्या विरोधात होती. पसंतीक्रमाने मत द्यायची ती पद्धत ज्या पक्षाला कुणी दुसरी पसंती देत नाही त्याला अधिकच जड गेली असती. सुमारे ६८ टक्के लोकांनी बदल नाकारला.

एका मतदारसंघात शिरून पाहावे

संपूर्ण देशाचे आकडे मांडून झाले की एखादी जागा निवडून ती खोदावी. मी दोन सुचवतो.

पहिली अगदी लहान आहे. पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये, आइल ऑफ डॉग्ज या भागात, सप्टेंबर १९९३ मध्ये मिलवॉल प्रभागाची पोटनिवडणूक झाली आणि बीएनपीचे डेरेक बीकन ७ मतांनी नगरसेवक झाले. पक्षाचे ते पहिलेच यश. कारणही स्थानिक होते: महापालिकेच्या घरांचे वाटप, आणि ती घरे बांगलादेशी कुटुंबांनाच मिळतात ही समजूत. आठ महिन्यांनी, मे १९९४ मध्ये, नियमित निवडणूक आली. बीकन यांची मते सुमारे १,४८० वरून २,०४० वर गेली आणि ते पडले. मतदान इतके वाढले की वाढलेल्या मतांचाही उपयोग झाला नाही. चर्चपासून कामगार संघटनांपर्यंत सर्वांनी दारोदार फिरून मतदार बाहेर काढला होता. मते वाढली आणि जागा गेली, ही ओळ वहीत ठळक लिहून ठेवण्यासारखी आहे.

दुसरी जागा बार्किंगची. पूर्व लंडनच्या टोकाला असलेल्या बार्किंग आणि डॅगनमच्या महापालिकेत २००६ साली बीएनपीने १२ नगरसेवक निवडून आणले आणि ती तेथील प्रमुख विरोधी पक्ष झाली. डॅगनमचा फोर्डचा कारखाना आकसत चालला होता, महापालिकेची घरे विकली गेली होती, नवी बांधली जात नव्हती, आणि लंडनच्या आतल्या भागांतून नवी कुटुंबे येत होती. गिरणगावात ज्यांचे बालपण गेले त्यांना या परिस्थितीचे वर्णन वेगळे करून सांगावे लागू नये. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी: या पक्षांना आधार मिळतो तो स्थलांतरित सर्वाधिक आहेत तेथे नव्हे. त्यांच्या शेजारच्या भागात, जेथे बदल नुकताच दाराशी आला आहे, तेथे तो मिळतो.

२०१० मध्ये ग्रिफिन स्वतः बार्किंगमधून उभे राहिले. विरोधात मजूर पक्षाच्या मार्गारेट हॉज होत्या. बीएनपी वाढते आहे असा इशारा त्यांनी २००६ साली जाहीरपणे दिला होता आणि त्याने पक्षाला उलट प्रसिद्धी मिळाली असा आरोप त्यांच्यावर झाला होता. पुढची चार वर्षे त्यांनी घरोघरी जाऊन लोकांच्या तक्रारी ऐकण्यात घालवली. होप नॉट हेट या वंशवादविरोधी संघटनेचे कार्यकर्तेही शेकड्यांनी उतरले. निकाल: हॉज ५४ टक्के, ग्रिफिन १४.६ टक्के आणि तिसरे. त्याच दिवशी झालेल्या महापालिकेच्या निवडणुकीत बीएनपीचे बाराही नगरसेवक गेले आणि ५१ पैकी ५१ जागा मजूर पक्षाने घेतल्या. सार्वत्रिक आणि स्थानिक निवडणूक एकाच दिवशी आल्याने मतदान मोठे झाले, हाही त्यातला भाग. कमी मतदानाच्या पोटनिवडणुकीत चमकणारा पक्ष भरघोस मतदानात विरघळतो, हे मिलवॉलमध्ये दिसले होते, तेच येथे मोठ्या प्रमाणावर दिसले.

मते कुणी उचलली

पाचवा रकाना मी सर्वांत महत्त्वाचा मानतो आणि तो पक्षाच्या नावाचा नसतो. त्या वर्षी हुजूर पक्ष स्थलांतराविषयी काय बोलत होता, हे त्यात एका ओळीत लिहावे.

१९६४ साली बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये, जेथे पंजाबी कामगारांची मोठी वस्ती होती, देशभर मजूर पक्ष जिंकत असताना त्याचे ज्येष्ठ नेते पॅट्रिक गॉर्डन वॉकर पडले. प्रचार उघड वर्णद्वेषी झाला होता. परंतु विजयी उमेदवार, पीटर ग्रिफिथ्स, कोणत्या फुटकळ पक्षाचे नव्हते, हुजूर पक्षाचे होते. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅमलाच इनॉक पॉवेल यांनी स्थलांतराविरोधात ते कुप्रसिद्ध भाषण केले. एडवर्ड हीथ यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढले, पण पॉवेल त्यानंतरही काही वर्षे हुजूर पक्षाचेच खासदार राहिले आणि त्यांच्यासारखा विचार करणाऱ्याला पक्ष सोडण्याचे कारण पडले नाही. सत्तरच्या दशकात नॅशनल फ्रंट वाढू लागली. १९७३ च्या वेस्ट ब्रॉमिच पोटनिवडणुकीत तिला १६ टक्के मते मिळाली आणि १९७७ च्या लंडनच्या निवडणुकीत तिने अनेक ठिकाणी लिबरलांना मागे टाकले. मग जानेवारी १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत, वेगळ्या संस्कृतीच्या लोकांखाली आपण बुडून जाऊ अशी भीती लोकांना वाटते, अशा आशयाचे विधान केले. पुढच्या वर्षी त्या पंतप्रधान झाल्या आणि नॅशनल फ्रंट ०.६ टक्क्यांवर आली.

केवळ त्या एका मुलाखतीने हे घडले असे मी म्हणणार नाही. अँटी नाझी लीगची मोहीम त्याच काळात जोरात होती आणि फ्रंटमध्ये भांडणेही होती. पण गिऱ्हाईक जवळच्या मोठ्या दुकानात गेले, हे नाकारता येत नाही. म्हणून अतिउजव्यांच्या पराभवाला सहिष्णुतेचा विजय म्हणताना मी दबकतो. कधी तो तसा असतो, कधी त्यांचा माल दुसऱ्याने आपल्या वेष्टनात विकलेला असतो.

याची मुळे फार जुनी आहेत आणि मुंबईशी जोडलेली आहेत. हुतात्मा चौकाजवळ ज्यांचा पुतळा आहे ते दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल पक्षाचे खासदार झाले, तेही हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या मतांनी. त्याआधी चार वर्षे, इंग्लंडचा मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल असे वाटत नाही, असे जाहीर सभेत बोलणारे लॉर्ड सॉल्सबरी त्या वेळी पंतप्रधान आणि हुजूर पक्षाचे नेते होते. आणि त्याच हुजूर पक्षाने १८९५ मध्ये मुंबईच्या मंचेरजी भावनगरी यांना बेथनल ग्रीनमधून उभे केले आणि ते दोनदा निवडून आले. बेथनल ग्रीन हे नाव पुन्हा येते ते १९३७ च्या लंडन कौन्सिलच्या निवडणुकीत: मोस्ले यांच्या फॅसिस्टांना तेथे सुमारे २३ टक्के मते पडली, त्यांच्या इतिहासातील सर्वांत चांगल्या निकालांपैकी एक, आणि जागा एकही नाही.

नावाला लागलेला डाग

पहिल्या पानावरील पक्षांपुढे आणखी एक अडचण असते, ती रकान्यात बसत नाही. जर्मनीशी लढून जिंकणे हा आधुनिक ब्रिटिश राष्ट्राभिमानाचा गाभा आहे. राष्ट्राभिमानाच्या नावाने मते मागणारा माणूस हिटलरचा चाहता निघाला की तो त्याच राष्ट्राभिमानाचा शत्रू ठरतो. मोस्ले यांनी १९३५ ची निवडणूक लढवली नाही, पुढच्या वेळी पाहू असे अनुयायांना सांगितले. पुढची निवडणूक युद्धामुळे १९४५ मध्ये झाली आणि तोपर्यंत त्यांच्या संघटनेवर बंदी आली होती, ते स्वतः तुरुंगवास भोगून आले होते. टिंडल यांची नाझी गणवेशातील छायाचित्रे त्यांच्या मागे आयुष्यभर लागली. ४ ऑक्टोबर १९३६ ला मोस्ले यांच्या मोर्च्याला विरोध करताना लंडनच्या केबल स्ट्रीटवर झालेल्या संघर्षानंतर सरकारने राजकीय गणवेशांवरच कायद्याने बंदी घातली, म्हणजे या चळवळींचे सर्वांत मोठे आकर्षण काढून घेतले. दुसऱ्या पानावरील पक्षांनी मात्र हा डाग जाणीवपूर्वक टाळला. त्यांच्या पुढाऱ्याच्या हातात बिअरचा ग्लास असतो, अंगात टपालखात्याच्या बाबूसारखा कोट. फरक वरवरचा वाटतो. मतपेटीत तो लाखोंचा ठरला.

फाटाफुटीविषयी जास्त लिहिण्याची गरज नाही. १९७९ नंतर नॅशनल फ्रंट फुटली, २०१० नंतर बीएनपी आपसांत भांडली, आणि २०१५ मध्ये तिचे देशभर केवळ ८ उमेदवार उभे होते.

मतदार कोण, हेही लिहावे

आपल्याकडील अनेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणारा भारतीय नागरिक, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, तेथील संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. माझी भाची लंडनच्या हॅरो भागात भाड्याच्या घरात राहते. ४ जुलै २०२४ ला तिने मला मुंबईत रात्री उशिरा फोन केला. मतदान केंद्रावर आता ओळखपत्र लागते आणि तिने आपला भारतीय पासपोर्ट पुढे केला. केंद्रातील बाईंनी तो उघडून चेहरा पाहिला, यादीत रेघ मारली आणि कागदी मतपत्रिका दिली. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची. "मामा, आपल्यासारख्यांचे येणे कमी करा म्हणणाऱ्यांचेही नाव त्याच कागदावर होते," ती म्हणाली, "आणि खूण कुठे करायची ते माझ्या हातात होते."

यावरून स्थलांतरित मतदार उजव्यांच्या विरोधात एकगठ्ठा उभा राहतो, असे मात्र समजू नये. त्याच रात्री देशभर हुजूर पक्षाची धूळधाण उडत असताना हॅरो ईस्ट या मोठी भारतीय वस्ती असलेल्या मतदारसंघाने हुजूर पक्षाच्या बॉब ब्लॅकमन यांना निम्म्याहून अधिक मते दिली. म्हणून शहरांतील मतदारसंघांपुढे लोकसंख्येचे प्रमाण लिहावे, पण त्यावरून निकाल गृहीत धरू नये.

धरणाची पातळी

या सगळ्याचा व्यावहारिक उपयोग पुढच्या निकालासाठी करायचा असेल, तर वहीच्या मागच्या पानावर टक्केवारीची एक उभी पट्टी काढावी. एकच विजेता असलेली ही पद्धत धरणासारखी आहे. पंधरा टक्क्यांपर्यंत ती पाणी अडवते आणि विखुरलेल्या मतांच्या पक्षाला जवळजवळ काहीच देत नाही. पण विरोधक चार-पाच पक्षांत विभागले गेले असतील आणि एखादा पक्ष तिशीच्या वर गेला, तर दरवाजे एकदम उघडतात. २०२४ मध्ये मजूर पक्षाने ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या. जी पद्धत बीएनपीला पन्नास वर्षे बाहेर ठेवेल असे आपण समजत होतो, तीच उद्या दुसऱ्या पानावरील पक्षाला मतांच्या प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट मोबदला देऊ शकते. १ मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्मने ६७७ जागा आणि दहा कौन्सिलांची सत्ता मिळवली, आणि त्याच दिवशी रनकॉर्न अँड हेल्स्बीची संसदेची पोटनिवडणूक ६ मतांनी जिंकली.

अशा वेळी पट्टीशेजारी एकच प्रश्न लिहावा: बाकीचे मतदार एका उमेदवारामागे गोळा होत आहेत का? ऑक्टोबर २०२५ मध्ये वेल्समधील केअरफिली येथे विधिमंडळाची पोटनिवडणूक झाली. रिफॉर्मला सुमारे ३६ टक्के मते मिळाली, जी बहुरंगी लढतीत सहज पुरली असती. परंतु मजूर पक्षाचा परंपरागत मतदार मोठ्या प्रमाणावर प्लाइड कम्री या वेल्श पक्षाकडे वळला. प्लाइड सुमारे ४७ टक्क्यांवर गेला आणि शंभर वर्षे ज्या खाणपट्ट्यात मजूर पक्ष अजिंक्य होता तेथे तो ११ टक्क्यांवर उरला. आपल्याकडे ज्याला पाडण्यासाठी केलेले मतदान म्हणतात, ते हेच.

वेल्सच्या निवडणुकांसाठी मात्र आता वरचे रकाने वापरू नयेत. तेथील विधिमंडळ २०२६ पासून ९६ सदस्यांचे आणि सोळा मतदारसंघांतून प्रत्येकी सहा जणांना निवडणारे झाले असून जागा यादी पद्धतीने वाटल्या जातात. त्यासाठी नवे पान उघडावे, डावीकडे पक्षांची मते लिहावीत, शेजारी एक, दोन, तीन अशा भाजकांचे रकाने आखावेत, आणि सहावी जागा कुणाला किती फरकाने मिळाली तो आकडा शेवटी लाल शाईने लिहावा.